साण्यापासून सनरूफपर्यंत : पाण्याला वाट देणारा हुन्नर

छताला भोक पाडायचं आणि घरात पाणी मात्र येऊ द्यायचं नाही, हा प्रश्न मोटारीच्या जन्माआधीचा आहे. आपल्या मराठवाड्यात तो माळवदाच्या घरांनी सोडवला होता. मातीच्या जाड छताला मधोमध एक भोक ठेवायचे. त्याला साणं म्हणायचे. उजेड आत यायचा, चुलीचा धूर बाहेर जायचा. साण्याभोवती कठडा थोडा उंच करायचे, म्हणजे माळवदावरून वाहणारं पाणी आत वळत नसे. पाऊस आला की वर फरशी किंवा पत्रा सरकवायचा. बाकीचं पाणी उताराने पन्हाळात जायचं आणि पन्हाळातून भिंतीपासून लांब पडायचं. शहरातल्या वाड्यांमध्ये, मशिदींमध्ये उजेडाची अशीच जागा भिंतीत वर असे. तिला आपण रोशनदान म्हणतो. रोशन म्हणजे उजळ, दान म्हणजे ठेवायची जागा. फारसीतला हा शब्द आता मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात परका वाटत नाही.

मोटारीचं सनरूफ हे याच साण्याचं चाकावरचं भावंड आहे. आज नव्या गाडीच्या जाहिरातीत मुलं छतातून डोकं बाहेर काढून उभी दिसतात (हे धोक्याचं आहे, मुलांना करू देऊ नका). पण सनरूफ जन्माला आलं ते मौजेसाठी कमी, हवेसाठी जास्त. गाड्यांना एसी नव्हता तेव्हाची ही सोय. जर्मनीत १९०१ साली सुरू झालेल्या वेबास्टो कंपनीने १९३० च्या दशकात गाड्यांसाठी कापडी घडीची छतं बनवली. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ च्या सुमारास सरकतं छत देऊ केलं. फोक्सवॅगनच्या बीटलला आधी कापडी घडीचं छत मिळायचं, १९६४ च्या मॉडेलपासून हँडल फिरवून सरकणारं पत्र्याचं छत आलं. हाइन्झ प्रेक्टर नावाचा जर्मन तरुण शिकायला अमेरिकेत गेला आणि १९६५ मध्ये त्याने तिथे सनरूफ बसवून देण्याचा धंदा सुरू केला. पुढे १९७० च्या कॅडिलॅकमध्ये बटणावर चालणारं छत मिळू लागलं. हँडल गेलं, त्या जागी मोटर आली.

आपल्याकडे मात्र अनेक वर्षं अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी. त्यांना सनरूफ कुठलं? पुढच्या दाराची ती तिकोनी काच फिरवली की तोंडावर वारा यायचा, तेवढंच सुख. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या. औरंगाबादजवळ शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्या दशकात महागड्या सेडान गाड्यांमधून सनरूफ रस्त्यावर दिसायला लागलं. आज वेबास्टोचाच कारखाना पुण्याजवळ आहे आणि मध्यम किमतीच्या गाडीलाही सनरूफ मिळतं.

पण गाडी पहिल्या मालकाच्या हाती कायम राहत नाही. पुण्यात किंवा मुंबईत दहा-बारा वर्षं चालली की ती आमच्या शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावी येते. दुसरा मालक, तिसरा मालक. एव्हाना रबर कडक झालेलं असतं, ग्रीस सुकलेलं असतं आणि आमच्याकडची धूळ तिची वाटच पाहत असते. माझी गाडी अशीच आली. कंपनी कोणती ते सांगण्यात अर्थ नाही, कारण यंत्रणा सगळ्यांची थोड्याफार फरकाने एकच असते. पहिल्या मोठ्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग भिजलं. काही दिवसांनी काच अर्धी सरकून तिरकी अडकली.

शहरातल्या एका वर्कशॉपने पूर्ण सनरूफ बदला म्हणून सांगितलं. खर्च ऐकून वाटलं, यात थोडी भर घातली तर अशीच दुसरी जुनी गाडी येईल. दुसरा सल्ला फुकटचा होता : चारी बाजूंनी सिलिकॉन भरा आणि कायमचं बंद करून टाका. हा इलाज केलेल्या कितीतरी गाड्या आपल्या भागात फिरताना दिसतात.

शेवटी गावातल्या उस्तादांकडे गेलो. शाळा फारशी न शिकलेला माणूस, पण काम ठरलेल्या क्रमाने. आधी फ्यूज पाहिला. काच अडली की मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज जातो. तिथे मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकणारे वायरिंग जाळतात. फ्यूज शाबूत होता. मग छतातल्या दिव्याचं कव्हर काढून मोटरच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. बटण दाबताच दिवा लागला, म्हणजे स्विच आणि वायरिंग ठीक. मग मोटर सोडवली. बाहेर काढल्यावर ती बिनतक्रार फिरली, म्हणजे दोष रुळात.

इथे यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. काचेच्या दोन्ही बाजूंना रूळ असतात. प्रत्येक रुळात एक दातेरी तार असते. मोटरचं छोटं चक्र दोन्ही तारांच्या मध्ये बसतं आणि दोन्ही एकदम चालवतं. एका बाजूला कचरा अडकला की तेवढीच तार मागे राहते आणि काच तिरकी होते. अशा वेळी बटण दाबत राहिलं तर तारेचे दाते झिजतात आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. आमच्या उजव्या रुळात लिंबाची वाळलेली पानं, माती आणि जुनं ग्रीस यांचा दगडासारखा लगदा झाला होता. उस्तादांनी तो लाकडी काडीने खरवडला, रूळ कापडाने पुसला, पांढरं ग्रीस अगदी पातळ लावलं. रबराला रॉकेल किंवा डिझेल लागू दिलं नाही, त्याने रबर फुगतं. दोन्ही बाजू हाताने बरोबर बंद स्थितीत आणल्या, मोटरही तिच्या बंद जागी आणली, मगच पुन्हा जोडली. शेवटी बटण दाबून धरलं, म्हणजे मोटरला सुरुवात-शेवट पुन्हा कळतो. बॅटरी काढली तरी पुष्कळ गाड्यांत हे करावं लागतं.

राहिलं पाणी. मी रबर बदलू या म्हणालो. ते हसून म्हणाले, "पानी कू रोको नक्को सर, रस्ता देव उसकू."

सनरूफच्या मरम्मतीचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच काचेखाली भोवताली एक पन्हाळ ठेवलेला असतो. त्याच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या निघतात. पुढच्या दोन समोरच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. नळी तुंबली की पन्हाळ भरतो आणि पाणी गाडीच्या आत उतरतं. बोट आपण रबराकडे दाखवतो, दोष मातीचा असतो. म्हणूनच वरून सिलिकॉन भरणं म्हणजे रोग झाकणं. नळी साफ करताना जोराची हवाही मारायची नाही, आतल्या आत ती जोडातून निसटते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळूहळू आत सरकवायची, मग पेलाभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतं का पाहायचं. चारही कोपऱ्यांना हेच.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीतल्या सलाबतखानच्या काळची. तिचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराने शेतापर्यंत जातं. मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हा नहरींनी पाणी आणलं. पाणचक्कीचं पाणीही डोंगराकडून मातीच्या नळांतून येतं. अशा जुन्या नहरींवर थोड्या थोड्या अंतराने उसासे ठेवत : अडकलेली हवा निघावी, साचलेला गाळ काढता यावा. बांधणाऱ्याला ठाऊक होतं की वाट कधीतरी तुंबणारच. म्हणून साफ करायची सोय त्याने बांधतानाच ठेवली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गॅरेजात बसलो की दोन्ही भाषा एकाच हत्यारपेटीत सापडतात. पेच आणि पेचकस फारसीचे, मरम्मत अरबीची, दुरुस्ती फारसीची, मिस्त्री आणि चावी पोर्तुगीजांकडून आलेले. कारागीर, उस्ताद, शागीर्द हेही फारसीचेच. आमच्या गावाच्या तर नावातच कासार आहे, तांब्यापितळेला आकार देणारा. तरीही इतिहासाच्या धड्यात नहर बांधवणाऱ्याचं नाव येतं, नळातला गाळ काढणाऱ्याचं येत नाही. माझ्या वर्गातली काही मुलं सुटीत अशाच गॅरेजांत शागीर्द असतात. कागदावर ती अभ्यासात कच्ची. पण फ्यूज, स्विच, मोटर, रूळ या क्रमाने दोष शोधणं म्हणजे तर्कशास्त्रच की. जिथे वर्कशॉप "बदला" म्हणतं तिथे हे लोक "बघू" म्हणतात, आणि त्या "बघू"वर आपल्या भागातली निम्मी वाहनं, पंप आणि शिलाई मशीन चालू आहेत. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही. उस्तादांचे हात थकले की ते त्यांच्यासोबत जाईल. म्हणून शिक्षक मित्रांना विनंती : वर्गातल्या अशा एखाद्या मुलाला त्याने केलेली एक दुरुस्ती निबंधात लिहायला सांगा. उर्दूत लिहो की मराठीत, शुद्धलेखन नंतर पाहू.

आणि ज्यांच्याकडे सनरूफची जुनी गाडी आहे त्यांनी जुन्या माळवदवाल्यांचा रिवाज पाळावा. मृग लागायच्या आधी ते छतावर माती टाकून घ्यायचे आणि पन्हाळ मोकळा करायचे. तुम्ही रूळ पुसा आणि चारही नळ्यांतून पेला पेला पाणी सोडून पाहा.