शांततेचा अर्थ

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या कामाचा इतिहास पाहू. नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर दिवसभर इशारे देत असतं : प्रिंटर बंद झाला, स्विचचं पोर्ट गेलं, राउटर तापला. यातले पुष्कळसे बिनकामाचे. ते गाळावेत कसे? आणि गाळल्यावर जी शांतता उरते, तिच्यावर विश्वास कितपत ठेवावा?

हा प्रश्न आधी उभा राहिला तो मोठ्या यंत्रांच्या नियंत्रणकक्षांत. २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात बिघाड झाला आणि पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे वाजले. किरकोळ इशारे दाबण्याची सोयच तिथे नव्हती, असं केमेनी आयोगाने नोंदवलं. पण त्याच कक्षात उलट प्रकारही घडत होता. एका झडपेचा दिवा विझला, म्हणून कर्मचाऱ्यांनी झडप मिटली असं धरलं. दिवा विझण्याचा अर्थ एवढाच होता, की मिटण्याचा आदेश गेला. झडप उघडीच राहिली आणि दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीचं पाणी तिच्यातून वाहत होतं. म्हणजे गोंगाटाने जेवढा घात केला, तेवढाच एका न दिसणाऱ्या दिव्यानेही केला.

आता नेटवर्ककडे वळू. १९८८ मध्ये एसएनएमपी ही पद्धत आली. तिच्यात उपकरण आपणहून जो इशारा पाठवतं, त्याला 'ट्रॅप' म्हणतात. रचनाकारांनी ट्रॅप मोजकेच ठेवले. मुख्य केंद्राने उपकरणांना विचारत राहावं, अशी मांडणी केली. ट्रॅप म्हणजे साधं पोस्टकार्ड. ते वाटेत हरवलं तर पाठवणाऱ्यालाही कळत नाही. पोचपावती असलेला 'इन्फॉर्म' पुढच्या आवृत्तीत आला. तेव्हा ट्रॅप आला नाही, यावरून सगळं ठीक आहे असं म्हणता येत नाही.

१९९९ मध्ये एथन गालस्टॅड यांनी नेटसेंट आणलं. तेच पुढे नॅगिऑस झालं. समजा, एका राउटरमागे चाळीस यंत्रं आहेत. राउटर पडला की एकेचाळीस तक्रारी येणार. नॅगिऑसमध्ये कोण कोणाच्या मागे आहे हे आधी सांगून ठेवता येतं. मग राउटर 'डाउन' ठरतो आणि मागची यंत्रं 'अनरीचेबल', म्हणजे आवाक्याबाहेरची. त्यांच्या सूचना बंद ठेवता येतात. इथे इशारा गाळला जातो तो कंटाळा आला म्हणून नव्हे, तर कारण कळलं म्हणून. शिवाय ती यंत्रं बिघडलीत की नुसती दिसत नाहीत, याचा निवाडाही सॉफ्टवेअर करत नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा भेद ओळखीचा वाटेल. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण अट आहे : घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट न दिसणं काहीच सिद्ध करत नाही. हीच योग्य अनुपलब्धी.

ही अट न पाळल्याची किंमत १४ ऑगस्ट २००३ रोजी दिसली. ओहायोमधल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षातलं इशाऱ्यांचं सॉफ्टवेअर दुपारी सव्वादोनच्या सुमारास गुपचूप बंद पडलं. तासाहून अधिक वेळ ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. बाहेर उच्चदाबाच्या तारा झाडांना लागून एकेक बंद पडत होत्या, शेजारच्या कंपनीचे फोन येत होते. पण इशारा नाही, म्हणजे बिघाड नाही, असा समज टिकून राहिला. चारनंतर अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

म्हणून आज एखाद्या उपकरणाचा इशारा कोणी बंद करत असेल, तर आपण त्याला विचारायला हवं : का बंद केलात, किती दिवसांसाठी, आणि त्याची नोंद कुठे आहे? आणि पहारा करणारं सॉफ्टवेअर स्वतः जागं आहे का, हे दुसऱ्या कोणीतरी ठरावीक वेळाने तपासतं का? ही उत्तरं मिळाली, तरच 'काही वाजलं नाही' या वाक्याला प्रमाण म्हणता येईल.