नागपूरहून कोकणात गाडीने: सोबत रुग्ण किंवा ज्येष्ठ असतील तर

सुट्टीत नागपूरहून स्वतःच्या गाडीने कोकणात निघणारी मंडळी दवाखान्यात येतात, ती बहुधा घाटासाठी उलटीची गोळी मागायला. उलटीचा त्रास खराच, पण या प्रवासातला तो सर्वांत किरकोळ त्रास आहे. तासन्‌तास एकाच जागी बसणे, लघवी लागू नये म्हणून पाणी टाळणे आणि औषधांची वेळ चुकणे यांची काळजी जास्त करायला हवी.

समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे. ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला. कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असल्याने ‘एका दमात’ जाण्याचा मोह होतो. पासष्टीच्या पुढचे कोणी सोबत असेल, तर पहिल्या दिवशी शिर्डीच्या पुढे जाऊ नका, असे मी सांगतो. तेवढेच अंतर ५२० किलोमीटर होते. दुसरा मुक्काम पुण्यात करा आणि तिसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट, माणगावमार्गे दापोलीला उतरा.

पायातली गुठळी

गुडघे मुडपून बराच वेळ बसल्यावर पोटरीतले रक्त संथ होते आणि खोल शिरेत त्याची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो, बस असो की कार. निरोगी माणसात मुळात तो फार कमी असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मात्र नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या आणि पूर्वी गुठळी झालेली व्यक्ती, यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटावे. ‘रक्त पातळ राहील’ म्हणून मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चाला. महामार्गाच्या कडेला नाही, पेट्रोल पंपावर किंवा सुविधा केंद्रात. मधल्या वेळेत टाचा टेकवून पावले वर-खाली करत राहा. पायाशी पिशव्या रचू नका. आपल्याकडे चिवड्याच्या डब्यांपासून संत्र्यांच्या पेटीपर्यंत सगळे आजीच्याच पायाशी येते आणि तिला पाय हलवायला जागा उरत नाही.

पाण्याचेही तसेच. स्वच्छतागृहाची खात्री नसते म्हणून घरातल्या स्त्रिया सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. त्यातून चक्कर, लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता होते. थांबे आधी ठरवून ते त्यांना सांगा, मग त्या पाणी पितील. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती बंद करू नका. वेळ पुढे-मागे करता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारा.

मधुमेह

वापरात असलेले इन्सुलिन साधारण ३० अंशांखाली ठेवायचे असते. उन्हात उभ्या गाडीत तापमान याच्या कितीतरी वर जाते. त्यामुळे ते डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, जेवायला उतरताना सोबत घ्या. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटू देऊ नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. जेवणाआधीचे इंजेक्शन ताट समोर आल्यावरच घ्या. ‘अर्ध्या तासात ढाबा येईल’ या भरवशावर घेतलेले इंजेक्शन अंगाशी येते.

घाम, थरथर, गोंधळ वाटला तर साखर तपासा. ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. रुग्ण स्वतः गाडी चालवत असेल तर आधी गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि साखर ९० च्या वर येऊन पाऊण तास झाल्याशिवाय पुन्हा स्टेअरिंग हाती घेऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या चालकाने निघताना आणि दर दोन तासांनी साखर पाहावी.

चालकाची झोप हा वेगळाच विषय आहे. पहाटे तीनला निघायचे असेल तर रात्री नऊला झोपावे लागते, आणि सामान बांधण्याच्या गडबडीत ते कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा सहाला निघा. उलटीची गोळी चालकाने घेऊ नये, तिने गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनीही ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

फेरीबोट

दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला गाडीसकट जंगलने खाडी पार होते. अंतर थोडे, पाणी बहुधा शांत. तिथे बोट लागण्याची भीती फारशी नाही. अडचण रांगेत होते, कारण सुट्टीत उन्हात बराच वेळ थांबावे लागते. धक्क्याचा उतार ओला आणि निसरडा असतो, तेव्हा गुडघेदुखीच्या माणसाला पायी चढवण्याची घाई करू नका.

महत्त्वाची गोष्ट अशी की रात्री फेरी बंद होते. दाभोळला मुक्काम असताना रात्री छातीत दुखू लागले, तर समोर दिसणारा गुहागरचा किनारा उपयोगाचा नाही. तुम्हाला दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे वळावे लागेल. म्हणून मुक्काम खाडीच्या कोणत्या काठाला आहे ते पाहून त्याच काठावरचे रुग्णालय आधीच शोधून ठेवा. चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. चालू औषधांची यादी, मात्रेसह, दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या आणि औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या.

परतल्यावर

प्रवासानंतर दोन्ही पायांवर थोडी सूज येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोवर ती चोळू नका, मालिश करू नका. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर थेट रुग्णालयात जा. ही लक्षणे घरी पोहोचल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात. त्यामुळे डॉक्टरांनी विचारले नाही तरी ‘आम्ही कोकणात गाडीने जाऊन आलो’ हे आपणहून सांगा.