भूतबंगल्यातल्या भुताची बखर

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असं संपादक मंडळानं कळवलं. डबा, छडी, मधली सुट्टी आणि शेवटच्या बाकावरचे उद्योग बाकीचे मित्र लिहितीलच. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून एका वेगळ्याच जुन्या ओळखीच्या माणसाची कुळकथा लिहायला घेतली आहे. माणूस म्हणायचं की नाही हा प्रश्न आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदानावर प्रदर्शन लागायचं, त्यात आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि पत्र्याचा भूतबंगला असायचा. त्या भूतबंगल्यात काळ्या झग्यात उभं असलेलं भूत आपल्या सगळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्याकडच्या भुतांची जातवारी मोठी शिस्तशीर आहे. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, खवीस ओसाड जागी आणि चकवा रानातल्या वाटेवर. प्रत्येकाला मागचा जन्म असतो, अपुरी इच्छा असते आणि उतारासुद्धा ठरलेला असतो. वेताळ तर भुतांचा राजा, आणि आपल्या गावात त्याच्या नावाची तालीम आहे. शिवाजी पेठेतल्या पोरांनी वेताळमाळ तालमीत दंड-बैठका मारल्या आणि फुटबॉल खेळला. तेव्हा भूत या प्रकाराला कोल्हापूरकर फारसा दबून नव्हताच. पण भूतबंगल्यातलं भूत या यादीत कुठंच बसत नाही. त्याला मागचा जन्म नाही, ते कुणाला झपाटत नाही, तिकीट फाडलं की भेटतं आणि रात्री प्रदर्शन बंद झालं की घरी जातं. त्याचा पत्तासुद्धा परका आहे. मराठी भूत वाड्यात राहील, बंगल्यात कशाला जाईल? बंगला साहेबाचा. १९६५ साली मेहमूदचा ‘भूत बंगला’ आला तोवर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसण्याइतका ओळखीचा झाला होता. माझा आपला तर्क असा की परक्या घरातलं भूत बघायला आपण पैसे देतो, स्वतःच्या वाड्यातल्या भुताला नारळ देतो.

हे परकं भूत जन्मलं लंडनमध्ये, १८६२ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री. रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत जॉन हेन्री पेपर नावाचे रसायनशास्त्राचे अध्यापक विज्ञानाचे जाहीर प्रयोग करून दाखवत. त्या रात्री त्यांनी चार्ल्स डिकन्सच्या ‘द हाँटेड मॅन’ या कथेतला प्रसंग रंगमंचावर आणला. मंचावर आरपार दिसणारी आकृती उभी राहिली, जिवंत नटानं तिच्यातून हात फिरवला आणि ती विरून गेली.

युक्ती काय होती, ते आपल्या वर्गाला सांगायची गरज पडू नये. विज्ञानाच्या सरांनी टेबलावर काच उभी करून अलीकडे मेणबत्ती पेटवली होती आणि पलीकडे पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला होता. ज्योत पाण्यात जळताना दिसली आणि मागच्या बाकांवरून शिट्टी आली. तोच हा प्रयोग. रात्रीच्या एस.टी.तून गगनबावड्याकडे जाताना खिडकीत स्वतःचा चेहरा झाडांवरून पळताना दिसतो, तोही हाच. बाहेर अंधार आणि आत दिवा असला की साधी काच आरशाचं काम करू लागते. पेपर यांनी मंचाच्या पुढच्या बाजूला मोठी काच तिरकी उभी केली. तिच्या खाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात नट उभा केला आणि त्याच्यावर प्रखर दिवा टाकला. प्रेक्षकांना दिसलं ते त्या नटाचं प्रतिबिंब. तिरक्या काचेवरून प्रकाशाचा जेमतेम दहावा भाग परत फिरतो, म्हणून खड्ड्यात उजेड भरपूर हवा आणि मंचावर अंधार. दिवा हळूहळू मंद केला की भूत विरघळतं.

या भुताला जगभर ‘पेपर्स घोस्ट’ म्हणतात. मूळ कल्पना मात्र पेपर यांची नव्हती. हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्यानं ती १८५८ साली मांडली होती. त्याची अडचण एवढीच की त्याच्या पद्धतीनं भूत दाखवायचं तर नाट्यगृहच नव्यानं बांधावं लागलं असतं. पेपर यांनी काच तिरकी करून आहे त्या नाट्यगृहात खेळ बसवला. १८६३ साली दोघांच्या नावे पेटंटचा अर्ज झाला, पैशाचे हक्क डर्क्सनं सोडून दिले. आपलं नाव तरी राहील ही त्याची अपेक्षा होती. जाहिरातींत पेपर यांचंच नाव मोठं होत गेलं. डर्क्सनं त्याच वर्षी आपली बाजू मांडणारं पुस्तक काढलं, पण लोकांच्या तोंडी एकदा बसलेलं नाव हललं नाही. खड्ड्यात दिव्याच्या धगीत उभं राहून रोज भूत होणाऱ्या नटाचं नाव तर कुणी विचारलंही नाही.

प्रकाशाच्या या खेळाला आपल्याकडेही स्वतंत्र वाट होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली काचेवरच्या रंगीत चित्रांचा खेळ सुरू केला. त्याला नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्याच्यावरून शांबरिक. आणि आपल्या गावात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ चित्रपटाच्या नादी लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी जिद्द सोडली नाही आणि १९१८ साली कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्मारकावरून आपण शाळेत जाता-येता कितीदा गेलो असू. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ आला. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग पडद्यावर इतका खरा उतरला की प्रेक्षक हादरले आणि पुढे त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. म्हणजे भूतबंगले यायच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या कारागिरांनी अंधारात बसलेल्या माणसाला ओरडायला लावलं होतं. राजारामपुरीतल्या मंडळांचे गणपतीतले तांत्रिक देखावे मला याच घराण्यातले वाटतात. गणपतीच्या आधी महिनाभर मांडवाच्या मागे वेल्डिंग करत बसलेली पोरं पाहिली की तर आणखीच.

जत्रेतलं ‘बोलतं मुंडकं’ही आठवत असेल. टेबलावर नुसतं डोकं, खाली धड नाही आणि ते आपल्याशी बोलतंय. याचीही जन्मतारीख आहे. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर या जादूगारानं हा खेळ ‘स्फिंक्स’ म्हणून दाखवला. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसवलेले असतात, त्यांत बाजूचा पडदा दिसतो आणि आपल्याला वाटतं की टेबलाखालून मागचं दिसतंय. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो खेळ गावोगाव फिरत आपल्या यात्रांपर्यंत आला. आरसे तेच, डोकं मात्र प्रत्येक ठिकाणी नव्या गरजू माणसाचं.

गाडीत बसून भुतं बघायची पद्धत त्यानंतरची. १९३० साली इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलच्या करमणूक उद्यानात ‘घोस्ट ट्रेन’ सुरू झाली. ९ ऑगस्ट १९६९ रोजी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ‘हाँटेड मॅन्शन’ उघडलं. त्या घराचा बाहेरचा भाग १९६३ सालीच उभा होता, आत काय ठेवायचं यावर सहा वर्षं खल चालला आणि त्या काळात वॉल्ट डिस्ने वारले. तिथं ९९९ भुतं राहतात आणि आणखी एकाला जागा आहे, असं पाहुण्यांना सांगतात. त्यातल्या मोठ्या दालनात नाचणारी भुतं म्हणजे पेपर यांचीच काच, फक्त फार मोठी, आणि खड्ड्यात नटांऐवजी यंत्रांचे बाहुले. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, त्यामुळे त्या जोड्यांत पुरुषाऐवजी बाई पुढाकार घेऊन नाचवताना दिसते.

आपल्याकडच्या भूतबंगल्यात बाहुले कमी आणि माणसं जास्त. पत्र्याच्या खोल्या, काळं कापड, कर्ण्यातून किंकाळ्यांची टेप, आणि कोपऱ्यात मुखवटा घातलेला एखादा पोरगा. तो पोरगा कोण असतो हे मला मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत कळलं. मिसळ खाता खाता या लेखाचा विषय निघाला तेव्हा आपल्याच वर्गातला एक जण शांतपणे म्हणाला, “मी हुतो की भूत. दोन सीझन.” नाव छापायचं नाही ही त्याची अट आहे. कुणी ओळखलं तर चालेल, असंही तोच म्हणाला.

वडिलांचं काम सुटलं होतं. आपण सहलीला गेलो आणि तो तापाचं निमित्त सांगून राहिला, तेव्हा तो पत्र्याखाली काळा झगा घालून उभा होता. झगा परकराच्या कापडाचा, मुखवटा रबराचा, आत घामाची धार. मालकानं दोनच नियम सांगितले होते. गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, आणि कडेवर पोर असलेल्या बाईपुढं यायचं नाही. बाकी विद्या त्यानं स्वतः कमावली. रांगेतला पहिला माणूस कधी घाबरत नाही, तो तयारीनं आलेला असतो. शेवटच्याला गाठायचं. ओरडायचं नाही, नुसतं कानामागं श्वास सोडायचा. एकदा आपले गणिताचे सर घरच्यांना घेऊन आत आले. भुतानं त्यांना पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून वाट दिली. “सर गेले की मगच श्वास घेतला,” तो म्हणाला. सर हे वाचतील तर त्यांना आज प्रथमच कळेल.

घाबरलेला माणूस हात चालवतो, हेही त्याला तिथंच समजलं. दुसऱ्या सीझनला एका गिऱ्हाइकाचा फटका डाव्या कानावर बसला. तेव्हापासून त्या कानाला कमी येतं. डाव्या बाजूनं हाक मारली की तो वळत नाही, म्हणून आपण त्याला वर्षानुवर्षं भाव खातो म्हणत आलो.

मी त्याला ‘हॅटबॉक्स घोस्ट’ची गोष्ट सांगितली. हाँटेड मॅन्शनच्या माळ्यावर हे भूत उभं केलं होतं. अंगात झगा, डोक्यावर उंच टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपी ठेवायचा डबा. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला त्याचं डोकं खांद्यावरून नाहीसं होऊन डब्यात दिसायचं, अशी योजना. पण जमलंच नाही, डोकं खांद्यावर दिसतच राहिलं. हाँटेड मॅन्शन उघडल्यावर थोड्याच दिवसांत ते काढून टाकलं. का जमलं नाही हे मी सांगण्याआधीच आपला मित्र म्हणाला, “लाईट सांडत असंल. आणि पब्लिक लई जवळनं जात असंल.”

नेमकं तेच कारण होतं. डोक्यावरचा दिवा विझला तरी आजूबाजूचा उजेड त्यावर पडत होता आणि गाड्या अगदी शेजारून जात होत्या. पुढं त्या न चाललेल्या भुताचे चाहते तयार झाले, जुनी छायाचित्रं जपली गेली, आणि २०१५ च्या मे महिन्यात नवं तंत्र वापरून ते परत उभं केलं. २०२३ साली फ्लोरिडातल्या उद्यानातही आलं.

“म्हणजे मधली सेहेचाळीस वर्षं त्याच्या जागी कोण हुतं?” त्यानं विचारलं. कुणी नाही, मी म्हणालो.

“आमच्यात न्हाई चालायचं. एक दिवस मी गेलो न्हाई, तर मालक सोता मुखवटा घालून उभा राहिला हुता.”