ओ-थ्री फिल्टरची कुळकथा

शहरातून तेजोमेघाचा फोटो काढायचा तर हौशी मंडळी ओ-थ्री फिल्टर बाहेर काढतात. काचेवर पातळ थरांचा लेप दिलेला हा फिल्टर 500.7 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश तेवढा आत सोडतो, रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड अडवतो. मग अनेक तासांची चित्रं एकावर एक रचली, की हंस तारकासमूहातल्या वेल नेबुलाची जाळी उमटते.

या हिरव्या प्रकाशाची रेघ वर्णपटात प्रथम दिसली 1864 मध्ये. विल्यम हगिन्स यांनी लंडनहून कालेय तारकासमूहातला एक तेजोमेघ वर्णपटदर्शकातून पाहिला. ती रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. 30 सप्टेंबर 1880 ला हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तरी कोडं सुटलं नाही. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर म्हणत, ही मॅग्नेशियमच्या वर्णपटातल्या पट्ट्याची कड आहे. मॅग्नेशियम उल्कांमधलं, म्हणजे तेजोमेघ हे उल्कांचे थवेच!

रेघ नेमकी कशाची, हा वाद पुण्यातही पोचला. कावसजी दादाभाई नायगमवाला मूळचे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) 1888 च्या सुमारास त्यांनी वेधशाळा उभी केली. तिथली 20 इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी. मृगातल्या तेजोमेघाची ती रेघ नायगमवालांनी नीट तपासली. पट्ट्याची कड असती तर एका बाजूला ती पुसट होत गेली असती. त्यांना ती बारीक आणि रेखीव दिसली. 1891 मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. लॉकियर त्यांचे सल्लागार होते, हे ध्यानात घेतलं म्हणजे या निष्कर्षामागचा सच्चेपणा कळतो.

उत्तर यायला 1927 उजाडलं. भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवलं, की रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची (म्हणजे ओ-थ्रीची) आहे. असा अणू प्रकाश सोडायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. प्रयोगशाळेत तेवढ्यात त्याला असंख्य धक्के बसतात आणि प्रकाश सोडण्याआधीच त्याची ऊर्जा त्यांत जाते. तेजोमेघातल्या विरळपणात त्याला निवांतपणा मिळतो.

नायगमवाला निवृत्त झाल्यावर, 1912 मध्ये, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. तिला ‘भावनगर दुर्बीण’ हे नाव पडलं, दात्याच्या संस्थानावरून. तिच्यातून काम करणाऱ्याचं नाव मात्र पुण्यातही फारसं कुणाला ठाऊक नाही; ते ठाऊक व्हायला हवं.