गायनाचा मायक्रोफोन
गायनाचा मायक्रोफोन, बोलीभाषेत माइक, हा प्रत्यक्ष कार्यक्रमात गायकाचा आवाज विद्युत संकेतात रूपांतरित करून ध्वनिवर्धक यंत्रणेकडे पाठवणारे उपकरण होय.

खानदेशात, म्हणजे जळगाव-धुळे परिसरात, हरिनाम सप्ताहातील कीर्तने बहुधा मंडपात किंवा उघड्यावर होतात. अशा ठिकाणी डायनॅमिक माइक सोयीचा ठरतो. तो दणकट असतो व त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर माइकला सामान्यतः मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. शूर कंपनीचा १९६६ साली आलेला एसएम५८ हा डायनॅमिक प्रकारातील सर्वपरिचित नमुना.

एसएम५८ कार्डिऑइड, म्हणजे हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा आहे. तो समोरचा आवाज सर्वाधिक व पाठीमागचा सर्वांत कमी घेतो. त्यामुळे मॉनिटर स्पीकर माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवल्यास फीडबॅकची कर्कश शिट्टी टळते. सुपरकार्डिऑइड माइक मागूनही थोडा आवाज घेतो, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर तिरपा ठेवतात.

कीर्तनात मात्र टाळकरी कीर्तनकाराच्या मागे उभे असतात. टाळांचा नाद माइकच्या समोरूनच येतो आणि महागडा माइकही तो वगळू शकत नाही. माइक ओठांजवळ आणणे हाच तेथे खरा उपाय. मात्र अगदी जवळ आणल्यास खर्ज फुगतो व शब्द अस्पष्ट होतात. अशा वेळी मिक्सरवर बास कमी करतात.