क्रमांक एकशे आठ कोण?

श्रोतेहो, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट गाठण्याचे दिवस पुष्कळांना आठवत असतील. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वांसाठी खुले केले. नंबर फिरवायचा, मोडेमची किरकिर ऐकायची आणि वाट पाहायची. त्या काळातली एक अडचण आज सांगतो.

फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहायला घेतला. हा गाभा सगळीच कामे पोटात घेऊन बसत नाही. लागेल तेव्हा एकेक तुकडा बोलावतो; त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. टेलिफोनच्या दोन टोकांनी कसे बोलायचे, याचा जो ठराव आहे तो पीपीपी. त्याचेही मॉड्यूल होते.

जानेवारी २००१ मध्ये लिनक्सची २.४ आवृत्ती आली, आणि पीपीपीच्या एका मॉड्यूलची वाटणी झाली. समाईक काम एकाकडे, मोडेमच्या तारेचे दुसऱ्याकडे. डायल करणारा जुना प्रोग्रॅम या वाटणीला अनोळखी. फोन लागे, मोडेम बोले, आणि पडद्यावर उमटे: या गाभ्यात पीपीपीची सोय नाही! माणूस बिचारा मोडेमला दोष देई.

गुरुजनहो, खरी गोम हजेरीत होती. नव्या रचनेत गाभा नाव घेत नसे, 'उपकरण क्रमांक १०८' अशी हाक मारी. १०८ म्हणजे पीपीपी, ही ओळ यादीत लिहिलेली नसेल, तर मुलगा वर्गात बसलेला असूनही गैरहजर. म्हणून जाणते लोक आधी चालू गाभ्याची आवृत्ती पाहत, मग त्याच आवृत्तीच्या कपाटात मॉड्यूल आहे का ते पाहत. नसेल तर गाभाच पुन्हा बांधायचा. असेल तर 'डेपमॉड' चालवून पट नव्याने करायचा, यादीत ती ओळ घालायची, आणि डायलचा प्रोग्रॅम निदान २.४.० करायचा.

पण तो नवा प्रोग्रॅम मिळायचा कुठे? इंटरनेटवर! घरात दुसरा मार्ग नसेल, तर कुणाकडून तरी फ्लॉपी किंवा सीडी आणणे आले. मला वाटते, खरा जाच हाच होता.

काही तक्रारी मात्र पोकळ असत, बरं का. 'पीपीपी-कॉम्प्रेस-२१ सापडत नाही' हे वाचून लोक घाबरत; पण ते माहिती दाबून लहान करणारे ऐच्छिक मॉड्यूल, त्याच्यावाचून जोडणी चाले. पुढे डिसेंबर २००३ मध्ये २.६ आवृत्ती आली, आणि त्या मालिकेत मॉड्यूले आपला क्रमांक स्वतःच्या अंगावर लिहून येऊ लागली.