मंगळाचे नकाशांकन

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्याच्या पृष्ठभागाचे मोजमापी नकाशे करण्याची प्रक्रिया. छायाचित्र हा नकाशा नव्हे. कॅमेरा तिरपा असतो, जमीन उंचसखल असते आणि यानाचे स्थान व कॅमेऱ्याचा रोख यांत थोडी अनिश्चितता उरतेच. रोखातील किंचित चूकही जमिनीवर शेकडो मीटरांची होऊ शकते. म्हणून एकच विवर अनेक छायाचित्रांत ओळखून नियंत्रण-बिंदू ठरवतात आणि सर्व छायाचित्रांची समीकरणे लघुतम वर्ग पद्धतीने एकत्र सोडवतात. हे किचकट काम मर्टन डेव्हिस यांनी मॅरिनर ९ (१९७१–७२) यानाच्या छायाचित्रांवरून केले.

समुद्रच नसल्यामुळे उंची कशापासून मोजायची, हा प्रश्न होता. सुरुवातीला ६.१ मिलिबार वायुदाबाची पातळी शून्य मानली जाई. आता गुरुत्वाकर्षणावर आधारित समविभव पृष्ठ वापरतात. मार्स ग्लोबल सर्व्हेयरवरील लेसर उंचीमापकाने ६० कोटींहून अधिक मोजण्या दिल्या. त्यामुळे छायाचित्रांतील उंचसखलपणाची विकृती काढून टाकणे सोपे झाले.

रेखांशाचा आरंभ मात्र निव्वळ संकेताचा भाग आहे. सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीच्या एअरी-० विवरातून शून्य रेखावृत्त नेले गेले. पुढे व्हायकिंग १ च्या अवतरकाचा रेखांश ४७.९५१३७° पश्चिम असा निश्चित करून हा संदर्भ अधिक काटेकोर करण्यात आला.